कारणाचा रकाना

बिस्किटांच्या त्या कारखान्यात साडेचारशे माणसं राबत होती आणि त्यांतल्या सहा जणांचं काम खाणं हे होतं. ‘खाणं’ हा शब्द मात्र त्यांच्या मॅडमना चालत नसे. इथे कुणी खात नाही, इथे चव घेतात, असं त्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवत. तुकडा तोंडात घ्यायचा, सावकाश चावायचा, जिभेवर फिरवायचा, झाकणाच्या पेल्यात थुंकायचा, कोमट पाण्याने चूळ भरायची आणि कागदावर लिहायचं. गिळायचं नाही. प्रत्येकाला बसायला फळ्यांच्या आडोशाचा वेगळा खण, आणि शेजारच्या खणात बघायचं नाही, कारण माणसाच्या तोंडावरून बिस्किटाची चव कळते आणि मग आपली जीभ आपली राहत नाही.

या सहा जणांत सगळ्यात जुनी म्हणजे चवबाई. तिचं खरं नाव हजेरीपुस्तकाला तेवढं माहीत. भट्टीवाल्यांपासून ट्रक भरणाऱ्यांपर्यंत सगळे तिला चवबाईच म्हणत. अठरा वर्षं ती त्याच खणात, त्याच लाल दिव्याखाली बसत होती. लाल दिवा अशासाठी, की बिस्किटाचा रंग कळू नये आणि डोळ्यांनी जिभेला फितवू नये. मिठात चिमूटभर फरक पडला तरी चवबाई खण वाजवायची. एकदा तिने अख्खी खेप थांबवली होती. लोणी जुनं आहे, म्हणाली. भट्टीवाला चिडला, तावातावाने कोठारात गेला आणि परत आला तेव्हा त्याने तिला पाणी आणून दिलं. लोक म्हणतात शितावरून भाताची परीक्षा. ही बाई कणावरून पोत्याची करायची.

आणि हीच बाई संध्याकाळी साडेपाच वाजता स्वतःच्या स्वयंपाकघरात, फ्रिज आणि खिडकी यांच्यामधल्या कोपऱ्यात उभी राहून चौदा बिस्किटं खायची, आणि पंधराव्याला हात घालताना तिला सांगता येत नसे की आधीची चौदा खारी होती की गोड.

बिस्किटं घरात येत ती अशी. भट्टीतून निघताना जी मोडत, ती दर शनिवारी पिशव्यांत भरून कामगारांना वाटत. चवबाईच्या घरी त्यांच्यासाठी निळ्या झाकणाचा एक पत्र्याचा डबा होता, ‘तुकड्यांचा डबा’. तो सगळ्यात वरच्या फळीवर असे. पूर्वी मुलांचा हात पोचू नये म्हणून तिथे ठेवलेला. आता मुलांचा हात तिच्यापेक्षा वर पोचत होता आणि डबा नेमका कुणापासून लपवला आहे हे कुणी बोलून दाखवत नव्हतं. उभ्याने खाल्लेलं अंगाला लागत नाही, असा चवबाईचा समज होता. डॉक्टरीणबाईंच्या वजनकाट्याला तो समज ठाऊक नसावा.

तर मुलं. थोरली सोळाची, धाकटा तेराचा. नवरा लांबच्या पल्ल्याचा मालट्रक चालवायचा, महिन्यातले वीस-बावीस दिवस रस्त्यावर, आणि घरात असायचा तेव्हा झोपलेला. म्हणजे दोन वाढत्या पोरांची अख्खी गाडी हिच्या एकटीच्या गळ्यात. ही दोघं कधीकाळी आईच्या अंगाखांद्यावर खेळली, हे आता फोटो काढून दाखवलं तरच खरं वाटावं. धाकट्याला चार हाका मारल्या की एक हुंकार मिळे, तोही फोनमधून डोकं वर न काढता. त्याच्या मोज्यांना जो वास येई त्याचं वर्णन करायला अठरा वर्षांच्या अनुभवाकडेही शब्द नव्हते. पण धाकट्याचं एक बरं होतं, तो भांडायचा आणि विसरायचा. थोरली विसरत नसे. थोरली आधी दार आपटे, मग दाराआडून बोले, आणि मग दाराआडूनही बोलायची बंद होई.

ही थोरली लहानपणी चवबाईच्या कुशीत शिरून विचारायची, आज कुठलं बिस्किट नापास केलंस? रोज विचारायची. कधी बंद झालं ते चवबाईला आठवत नव्हतं आणि तेच तिला सलत होतं. पोर हातातून निसटतेय, आणि आपण रोज थोडीथोडी जास्त मूठ आवळतोय, हे तिला कळत होतं. कळत होतं आणि वळत नव्हतं. मग वरच्या फळीवरचा डबा खाली यायचा.

त्या वर्षी एका आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. पोहण्याच्या सरांचा फोन आला, की तुमची मुलगी तीन आठवडे सरावाला आलेली नाही, बरी आहे ना? मुलगी रोज टॉवेल घेऊन घरातून निघत होती. चवबाईने तिला बसथांब्याच्या बाकावर गाठलं, मांडीवर कोरडा टॉवेल घेऊन बसलेली.

“काय चाललंय हे?”

“काही नाही.”

“पोहायला का जात नाहीस?”

“नको वाटतं.”

“नको वाटतं म्हणजे काय? पाणी बोचतं का तुला?”

थोरलीने आईकडे एकदा बघितलं, उठली आणि चालायला लागली. घरी आल्यावर दार आपटलं. त्या संध्याकाळी चवबाईने डब्याचा तळ गाठला.

दुसरी गोष्ट त्याच आठवड्यातल्या शुक्रवारची. दर तीन महिन्यांनी चव घेणाऱ्यांचीच परीक्षा असे. समोर तीन पेले, दोन सारखे, तिसऱ्यात साखर केसभर जास्त. वेगळा कोणता ते सांगायचं. चवबाई अठरा वर्षांत चुकली नव्हती. बाकीचे तिच्या परीक्षेला गंमत म्हणून येत. त्या शुक्रवारी ती चुकली. एकदा नव्हे, पाचपैकी तीनदा.

मॅडमनी बाकीच्यांना बाहेर पाठवलं. “घरी काय खाता?”

“सगळे खातात तेच.”

“चवबाई, मला नका सांगू. जीभ गोडाने बधिर झालीय तुमची.” मग आवाज थोडा खाली आणून म्हणाल्या, “सहा आठवड्यांनी पुन्हा घेते. तोवर जीभ जागेवर आणा. नाहीतर मला तुम्हाला पॅकिंगला पाठवावं लागेल, आणि ते मला आवडणार नाही.”

सोडायचं ठरवणं सोपं असतं. चवबाईने शनिवारी ठरवलं आणि रविवारी दुपारी धाकट्याच्या वर्गशिक्षिकेची चिठ्ठी त्याच्या दप्तरातून, कुजलेल्या केळ्याखालून, निघाली. साडेपाचला ती कोपऱ्यात उभी होती. सोमवारी डबा शेजारणीकडे ठेवायला दिला आणि मंगळवारी काहीतरी सबब सांगून परत आणला. शेजारीण नुसती हसली. ते हसू गिळायला बिस्किटाहून जड गेलं. चांगली पंचेचाळीस वर्षांची बाई, दिवसभर तोंडात बिस्किट घोळवून एक कण पोटात जाऊ न देणारी, आणि घरी येऊन तिच्या हाताला तिचंच मन ऐकेना. तिला स्वतःची लाज वाटली आणि लाज वाटल्यावर पुन्हा भूक लागल्यासारखं झालं.

तेव्हा तिला चिठ्ठी सुचली.

चवीच्या खोलीत नमुना तोंडाला लावण्याआधी एक चिठ्ठी भरावी लागते. तारीख आणि वेळ. भूक, आहे की नाही. मनावर काही असल्यास कारण. खाली सही. कारणाचा तो रकाना मॅडमनी मुद्दाम घातला होता. पूर्वी एकदा एक चव घेणारा वडील गेल्याच्या तिसऱ्या दिवशी कामावर आला आणि चांगल्यातली चांगली खेप त्याने ‘कडू’ म्हणून परत पाठवली. तेव्हापासून नियम: जे मनात आहे ते आधी कागदावर उतरवा, मग तोंड उघडा. आणखी एक नियम: खोडरबर चालत नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर शब्द, आणि सही. जुनं वाचता आलं पाहिजे. आणि ज्याची चिठ्ठी त्यानेच दुरुस्त करायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही.

चिठ्ठीचा छापील नमुना बदलल्यामुळे जुन्या चिठ्ठ्यांची दोन पॅडं रद्दीत पडली होती. चवबाईने त्यांतलं एक पर्समध्ये टाकलं, घरी आणलं, डब्यात बिस्किटांच्या पिशवीवर ठेवलं आणि पेनाला दोरा बांधून तो झाकणाच्या कडीला अडकवला. शनिवारची नवी पिशवी घेणं तिने थांबवलं. डबा उघडला की आधी चिठ्ठी. मग काय खायचं ते खा.

पहिल्या दिवशी तिने चिठ्ठी लिहिली आणि तरी नऊ खाल्ली. दुसऱ्या दिवशी पाच. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी गंमत झाली. वेळ लिहिताना घड्याळाकडे बघावं लागे. ‘भूक’ लिहिताना पोटाकडे बघावं लागे, आणि तिथे ‘नाही’ लिहिताना अठरा वर्षांची शिस्त आडवी येई: भूक नाही असं सही करून लिहायचं आणि मग खायचं, हे तिच्या हाताला जड जाऊ लागलं. कारण लिहून होईपर्यंत मनातली वाफ निघून गेलेली असे. ती चिठ्ठी पॅडवरून सुटी करून डब्यात टाके, झाकण लावे आणि कांदा चिरायला घेई. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी बिस्किटांना हात न लागता चिठ्ठ्याच साठायला लागल्या.

कारणं काय असायची? जी असायची तीच. ‘थोरली. दार.’ ‘धाकटा. फोन.’ ‘थोरली. पोहणं.’ ‘थोरली. जेवताना एक शब्द नाही.’ ‘धाकटा. मोजे.’ एका चिठ्ठीवर तर नुसतं: ‘थोरली. बघितलं तसं.’ कधीतरी ‘नवरा. फोन नाही.’ किंवा ‘मॅडम.’ पण ते अपवादाला. चवबाईला वाटे, निदान आपण पोरांच्या तोंडावर बोलत नाही. तिच्या आईची रीत होती, काहीही झालं की ‘तुझ्यामुळे’. भात करपला, तुझ्यामुळे. डोकं दुखलं, तुझ्यामुळे. उचलली जीभ लावली टाळ्याला. चवबाईने पहिलटकरीण असतानाच ठरवलं होतं की हा शब्द आपल्या पोरांना ऐकवायचा नाही, आणि तो तिने सोळा वर्षांत एकदाही ऐकवला नव्हता. याचा तिला अभिमान होता.

चौथ्या आठवड्यात घर बदललं.

सुरुवात दारापासून झाली. थोरलीचं दार आपटायचं बंद झालं. ती मूठ धरून हलकेच लावायला लागली. ताट स्वतः धुऊ लागली. धाकट्याचंही धुऊ लागली, तेव्हा चवबाईने कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता. पोहायला परत जाऊ लागली. सरांचा फोन आला, की येतेय, ठीक आहे. काही सांगितलं की “हो आई”. काही विचारलं की “नाही आई”. जेवताना समोर बसून शेवटच्या शितापर्यंत मुकाट जेवायची.

चवबाईला लिहायला कारणच उरलं नाही. डबा वरच्या फळीवर तसाच राहिला, आणि ती चढून बघायलाही गेली नाही. बघितलं असतं तर हात गेला असता. गुडघे जरा हलके वाटायला लागले. खणात लाल दिव्याखाली एक दिवस तिला पिठातला ओलसर वास परत ओळखू आला आणि तिचे डोळे भरून आले.

नवऱ्याचा फोन आला तेव्हा मागे ट्रकची घरघर होती. “पोरं कशी आहेत?”

“थोरली अगदी शहाणी झालीय. ओळखू येणार नाही तुम्हाला.”

“काय केलंस?”

“काही नाही. जीभ आवरली.”

“अगं, मग बरं झालं की,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात ती खूश व्हावी एवढीच इच्छा होती, आणि ती झालीही. पण फोन ठेवल्यावर बंद दारापाशी उभी राहून तिने कानोसा घेतला तर आतून काहीच आवाज नव्हता. गाणी नाहीत, मैत्रिणीशी खिदळणं नाही. शांत घराची सवय नव्हती म्हणून चुकल्यासारखं वाटतंय, असं तिने स्वतःला समजावलं. थकलेल्या माणसाला शांतता मिळाली की तो तिचे दात मोजत बसत नाही.

सहा आठवड्यांनी, शुक्रवारीच, परीक्षा झाली. पाचपैकी पाच. मॅडमनी सही केली, टोपण लावलं आणि म्हणाल्या, “मला रात्री झोप लागेल आता.” मोडक्या बिस्किटांची पिशवी शनिवारऐवजी त्याच दिवशी हातात दिली. “घरी न्या. पोरांना द्या. तुम्ही नका खाऊ.”

चवबाई पाचला घरी आली. थोरली सरावाला गेली होती, साडेसहाला येणार. धाकटा खाली खेळत होता. पिशवी डब्यात टाकावी म्हणून तिने स्टुलावर चढून डबा उतरवला. हलका लागला. सहा आठवड्यांपूर्वीची अर्धीअधिक पिशवी त्यात असायला हवी होती.

झाकण उघडलं. पिशवी रिकामी, नीट घडी घालून ठेवलेली. खाली तिच्या चिठ्ठ्या, आणि वर काही चिठ्ठ्या तिच्या नव्हत्या.

अक्षर थोरलीचं होतं, गोलसर, उजवीकडे झुकलेलं. चिठ्ठ्या अगदी नियमाप्रमाणे भरलेल्या. पहिली: ‘वेळ ४.१५. भूक: आहे. कारण: काही नाही, भूक लागली होती. मग चिठ्ठ्या वाचल्या.’ दुसरी त्याच दिवशीची: ‘वेळ ४.४०. भूक: नाही. कारण: मी.’ तिसरी दुसऱ्या दिवशीची: ‘वेळ ४.१०. भूक: नाही. कारण: मी.’ चौथी तशीच. पाचवी तशीच. अकरा चिठ्ठ्या होत्या आणि प्रत्येकीखाली सही होती. शेवटची: ‘भूक: नाही. कारण: मी. बिस्किटं संपली.’

चवबाई फ्रिज आणि खिडकीच्या मधल्या कोपऱ्यात गेली. तिथे ती मुद्दाम गेली नाही, पाय गेले. मॅडमनी दिलेली पिशवी तिच्या हातात होती आणि तिची गाठ कधी सुटली ते तिला कळलं नाही. सोळा वर्षं जो शब्द तोंडातून जाऊ दिला नाही, तो तिने कागदावर लिहून, सही करून, पोरीच्या हाताला लागेल असा ठेवला होता. आणि पोरीने तो मुकाट्याने गिळला होता. दार हलकेच लावणं, ताट धुणं, हो आई, नाही आई. शहाणपण म्हणे. घरात एक माणूस दिवसाढवळ्या आक्रसत चाललं होतं आणि ही बाई त्याच्या जिवावर परीक्षा पास होऊन आली होती.

तिने एक तुकडा तोंडाशी नेला. लोणी, साखर, थोडं मीठ. वास अगदी स्वच्छ येत होता, जीभ जागेवर होती ना. मग तो तुकडा तिने ओट्यावर ठेवला, कारण आधी चिठ्ठी.

‘वेळ ५.२०. भूक: नाही. कारण:’

इथे पेन थांबलं. ‘थोरली’ लिहिता येईना. ‘मी’ लिहावं तर तेही पोरीचंच उचलल्यासारखं. डबा घेऊन ती बाहेरच्या जेवणाच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली. या घरात या डब्यासमोर ती कधी बसली नव्हती. बसल्यावर पायांतून कळ गेली आणि तिला कळलं की कारखान्यातून निघाल्यापासून आपण उभ्या आहोत किंवा चालतोय. तिने लिहिलं: ‘भीती वाटते.’ वाचून बघितलं. खरं होतं. सही केली.

मग तिने जुनी पहिली चिठ्ठी उचलली. ‘थोरली. दार.’ त्यावर एक आडवी रेघ मारली, शेजारी लिहिलं ‘थकवा’, आणि सही केली. पुढची. ‘थोरली. पोहणं.’ रेघ. हे लिहायला वेळ लागला. ‘सरांना माझ्याआधी कळलं याची लाज.’ सही. ‘धाकटा. मोजे.’ रेघ. ‘पाय दुखत होते.’ ‘थोरली. जेवताना एक शब्द नाही.’ रेघ. ‘मला बोलायला दुसरं कुणी नाही.’ हे लिहून तिने पदर— नाही, हाताशी आलेलं फडकं डोळ्यांना लावलं, ते कांद्याचं होतं, आणि आणखी रडली.

धाकटा घामाने निथळत आत आला. “जेवायला काय आहे?” मग टेबलभर पसरलेले कागद दिसले. वाचू नको म्हणायच्या आत त्याने वाचले. त्या मुलाने शाळेचा एक धडा इतक्या वेगाने कधी वाचला नसेल.

“हे काय आहे?”

“मी खायच्या आधी लिहायचे. का खाते ते.”

तो बोटाने मोजत गेला. “ताई एकोणीस. मी आठ.” त्याने पुन्हा एकदा मोजून बघितलं. “मी फक्त आठ?”

चवबाईला हसावं की त्याला जवळ घ्यावं कळेना. तिने जवळ घेतलं, मोज्यांसकट. त्याने चक्क दोन मिनिटं घेऊ दिलं. मग म्हणाला, “मी भात लावू का? मला येतो,” आणि तिला माहीत नव्हतं की त्याला येतो.

साडेसहाला कुलूप वाजलं. थोरली ओल्या केसांनी, दार हलकेच लावून आत आली आणि टेबलाकडे बघून जागीच थांबली. डबा उघडा, तिच्या अकरा चिठ्ठ्या एका बाजूला, आईच्या एकतीस दुसऱ्या बाजूला.

“मी भरून ठेवणार होते डबा,” ती घाईने म्हणाली. “पुढच्या शनिवारी. सॉरी.”

“बस.”

“आई, खरंच सॉरी.”

“अगं, बस तर. मी दुरुस्ती करतेय. चुकीच्या नोंदी झाल्यात माझ्या.”

थोरली खुर्चीच्या कडेवर बसली. बॅग खांद्यावरून काढली नाही. तिने एक चिठ्ठी ओढून घेतली, मग दुसरी. आडव्या रेघेखाली तिचं नाव स्पष्ट दिसत होतं.

“खोडायचं तर नीट खोड की. दिसतंय अजून.”

“दिसायलाच पाहिजे. नियम आहे.”

“कसला नियम?”

“चूक झाली होती हे नंतरही कळलं पाहिजे. आणि कुणी केली तेही. म्हणून सही.”

थोरली वाचत राहिली. तिच्या केसांतून टेबलावर पाणी ठिबकत होतं आणि चवबाईने त्याबद्दल काही म्हटलं नाही, ही गोष्ट त्या घरात नोंद करण्यासारखी. ‘यांचा फोन नाही आला.’ ‘नुसती सवय.’ ‘मॅडम बोलल्या ते खरं होतं.’ ‘तिने माझ्याकडे बघितलं तसं मी माझ्या आईकडे बघायचे.’ यापाशी ती बराच वेळ थांबली.

“आई, तुला मी आवडत नाही असं वाटलं मला,” ती खालमानेने म्हणाली. “म्हणजे, एकोणीस वेळा लिहिलंस.”

“तू आवडतेस. मला तुला सांभाळणं जमत नाहीये, म्हणून मी खाते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मी त्या एका रकान्यात टाकल्या. अठरा वर्षं हेच काम करते, तरी टाकल्या.”

 थोरलीने पहिली चिठ्ठी पुन्हा उचलली, ‘थोरली. दार.’वाली, आणि दोऱ्याचं पेन ओढलं. आईने लिहिलेल्या ‘थकवा’वर रेघ मारली आणि शेजारी पुन्हा लिहिलं: ‘थोरली.’

“दुसऱ्याच्या चिठ्ठीला हात लावायचा नाही,” चवबाई म्हणाली.

“त्या दिवशी तू थकली नव्हतीस. चांगली हसत आली होतीस. मीच दार आपटलं, मुद्दाम. बिजागरी निघाली होती.” तिने खाली सही ठोकली. “हे खरंय, राहू दे.”

“बरं. राहू दे.”

दोघींना हसू आलं, आणि ते फार टिकलं नाही, कारण दोघीही दमल्या होत्या. चवबाईने अकरा चिठ्ठ्यांचा गठ्ठा उचलला, बघितला, आणि उघडला नाही. हातात पेन असतं तर तिने त्यांतल्या दहाच्या दहा जागचा ‘मी’ खोडला असता. पण पेन पोरीच्या हातात होतं आणि चिठ्ठ्याही तिच्याच होत्या. गठ्ठा तिने टेबलावरून पुढे सरकवला.

“या तुझ्या. मला दुरुस्त करता येणार नाहीत.”

“सगळ्या आत्ता?”

“नाही. जमेल तेवढ्या.”

स्वयंपाकघरातून धाकटा ओरडला, की भात उतू चाललाय आणि गॅस कुठून कमी करतात. चवबाई जागची हलली नाही. “डावीकडचं बटण,” ती बसल्या बसल्या म्हणाली. मग थोरलीला विचारलं, “भूक आहे?”

 थोरली खरोखर तपासून बघितल्यासारखं करून म्हणाली, “आहे. पण थांब, एक करते.”

तिने वरची चिठ्ठी समोर घेतली आणि डावा हात आडवा धरला. चवबाईला बघायचं होतं, फार बघायचं होतं. पण शेजारच्या खणात बघायचं नसतं. तिने मान वळवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. आडवी रेघ ओढल्याचा आवाज आला. मग पेन चालायला लागलं, आणि एका शब्दाला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ चालत राहिलं.